उतारापलीकडची गुढी

बेलव्ह्यूतल्या कुठल्याही पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने आपापला पदार्थ आणायच्या जेवणाला, गेलं की ताटात पहिली पुरी पडायच्या आत कुणीतरी विचारतंच, "काकू, तुम्ही नक्की करता काय?" डॉक्टर म्हटलं की लोकांना कळतं, सॉफ्टवेअर म्हटलं की पुढचा प्रश्नच येत नाही. मी म्हणायचे, बर्फ कधी कोसळेल ते सांगते. समोरचा माणूस क्षणभर माझ्या साडीकडे बघायचा आणि मग नवऱ्याकडे वळून विचारायचा, "आणि तुम्ही?" नवरा बॉथेलला औषधांच्या कंपनीत होता, त्यामुळे तिथे गप्पांची गाडी लगेच रुळावर यायची.

मी अकोल्याची. मे महिन्याच्या दुपारी ज्या गावात कावळासुद्धा सावली सोडत नाही, तिथली मुलगी जन्मभर बर्फ उकरत बसली यावर माझ्या माहेरचा अजून विश्वास नाही. इथे वॉशिंग्टन राज्यात आले ती भूगर्भशास्त्र शिकायला. मातीचे उतार का घसरतात, हा विषय होता. एका हिवाळ्यात आमच्या सरांनी मातीऐवजी बर्फाच्या उतारावर मोजमापं घ्यायला पाठवलं आणि मी तिथेच रुतले. कॅस्केड्सच्या डोंगरांत हिमस्खलनाचा अंदाज सांगायची नोकरी लागली, ती थेट मागच्या वर्षी निवृत्त होईपर्यंत केली.

यंदा मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादक मुलीने हट्ट धरला, काकू लिहाच, आणि थोडं थ्रिलिंग लिहा. बाई गं, थ्रिल होऊ नये म्हणून तर मला पगार मिळत होता. चांगल्या दिवसाची आमच्या धंद्यात गोष्टच होत नाही. कुणीतरी डोंगरावर गेलं, परत आलं, घरी जाऊन जेवलं. असे हजारो लोक माझ्या अंदाजावर विसंबून सुखरूप घरी पोचले असतील, त्यांना माझं नावही माहीत नाही.

आधी कामाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हिवाळ्यात बर्फ थराथराने पडतो. आम्ही उतारावर खड्डा खणतो, त्याची भिंत साफ करून थर बघतो, कुठला थर कच्चा आहे ते हाताने चाचपतो. सकाळी सगळं एकत्र करून पत्रक काढतो, की आज अमुक उंचीवर, अमुक दिशेच्या उतारांवर जपून. लोकांना वाटतं, धोका म्हणजे हिवाळा, वादळ, काळोख. खरी फसवणूक करतो तो वसंतातला बर्फ. वर निळं आकाश, ऊन अंगाला गोड लागतंय, झाडांवरून पाणी ठिबकतंय. माणूस सैलावतो, आणि नेमका तेव्हाच बर्फही सैलावत असतो.

रात्री आकाश निरभ्र असलं तर बर्फाचा वरचा थर गोठून फरशीसारखा कडक होतो. पहाटे त्यावरून हत्ती चालवा. ऊन चढलं की तो भिजायला लागतो, पाणी खाली मुरतं, थराथरातली पकड सुटते. मग वरच्या कड्यावर वाऱ्याने साठवलेला बर्फाचा छज्जा असतो, तो तुटून पडला की अख्खा उतार घेऊन खाली येतो. आणि रात्री ढग असले तर ते गोधडीसारखे वर बसतात, बर्फ गोठतच नाही. मग सकाळपासूनच सगळं कच्चं. म्हणून वसंतात आमचा एकच घोष असतो, लवकर जा आणि लवकर या. कोण ऐकतंय!

आमच्याकडे फोन करणाऱ्यांचे दोन प्रकार. एकाला एका शब्दात उत्तर हवं असतं, जाऊ का नको. पत्रिका बघून मुहूर्त काढून द्यावा तसं. दुसऱ्याला भांडायचं असतं. एक म्हातारा सुतार होता, दर एप्रिलला फोन करायचा आणि म्हणायचा, तू काल म्हणालीस कोसळेल, मी गेलो होतो, काही कोसळलं नाही. मी म्हणायचे, अरे बाबा, कोसळलं नाही म्हणून तर फोन करतोयस. तो खो खो हसायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा भांडायला हजर.

एक जोडपं होतं, त्यांच्याबद्दल मी घरीसुद्धा फारसं बोलले नाही. दोघंही उत्तम स्कीइंग करणारे, पाठीवर सगळं सामान, आमचं पत्रक रोज वाचणारे. एका सकाळी पार्किंगमध्ये भेटले. उशीर झाला होता, त्यांनाही ठाऊक होतं. ती मुलगी म्हणाली, आम्ही फक्त खालच्या जंगलात फिरणार. मी बरं म्हटलं. वर ऊन इतकं सुंदर होतं की ते जंगलात थांबले नाहीत. त्यांची निळी गाडी पुढे कितीतरी दिवस तिथेच उभी होती आणि मला रोज तिच्या शेजारीच गाडी लावावी लागायची. 

तर आता समीरची गोष्ट. समीर कोल्हापूरचा, बेलव्ह्यूला सॉफ्टवेअरमध्ये. कॉलेजात असताना सह्याद्रीतले सगळे गड पालथे घातलेला. इथे आल्यावर त्याने आपल्या मुलामुलींचा ट्रेकचा ग्रुप काढला. पोरगा गुणी, जबाबदार. त्याचा नियम होता, एकत्र जायचं, एकत्र यायचं, पुढच्याची पाठ आणि मागच्याचा आवाज सुटता कामा नये. अवघड जागी एकमेकांचे हात धरायचे. आणि सगळ्यांत शेवटी तो स्वतः, 'शेवटचा गडी' म्हणून. सह्याद्रीत हा नियम सोन्यासारखा आहे. धुक्यात वाट चुकते, कुणी कड्यावरून घसरतं, तिथे असंच चालावं.

काही वर्षांपूर्वी पाडवा रविवारी आला होता. समीरचा फोन आला, काकू, यंदा गुढी बर्फात उभारायचीय, आई आलीये कोल्हापूरहून, तिला दाखवायचंय. त्याला जी जागा हवी होती ती मला तोंडपाठ होती. हायवेवरून दरीपलीकडे दिसते. जुन्या, जाडजूड झाडांचा उंचवटा, चारी बाजूंनी पांढरं, मधे हिरवं, आम्ही त्याला बेटच म्हणायचो. जिथे इतकी जुनी झाडं उभी असतात तिथे बर्फ कोसळत नाही, नाहीतर ती इतकी वाढलीच नसती. पण बेटावर जायला एक मोकळा पट्टा ओलांडावा लागतो. जंगलात वरपासून खालपर्यंत भांग पाडल्यासारखा. नवख्याला वाटतं, वा, काय छान मैदान आहे. अरे, झाडं का नाहीत तिथे? दरवर्षी वरून येणारा बर्फ त्यांना टिकू देत नाही म्हणून.

मी समीरला स्पष्ट सांगितलं, उजाडताना पट्टा ओलांडा, बेटावर बसा, गुढी उभारा, आणि दहाच्या आत पट्टा ओलांडून परत. त्यानंतर तिथे पाय ठेवायचा नाही. तो म्हणाला, काकू, डोन्ट वरी, आम्ही सगळे एकत्र असू. हे वाक्य मी ऐकलं आणि कानाआड केलं.

त्या दिवशी माझी ड्यूटी होती. बरोबर डेल, माझा जुना सहकारी, वॉशिंग्टनच्या पूर्वेकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा. रात्री ढग होते, पहाटे उशिरा आकाश उघडलं. म्हणजे बर्फ जेमतेम गोठला होता. दुपार कलायच्या आधी आम्ही हायवेच्या कडेच्या पार्किंगमध्ये, दरीच्या अलीकडे गाडी लावली. मोठी दुर्बीण तिकाटण्यावर चढवली आणि मी बेटाकडे बघितलं. ऊन डोक्यावर आलं होतं. बेटाच्या कडेला केशरी गुढी झळकत होती. आणि पट्ट्यात माणसांची साखळी होती, एकमेकांचे हात धरून, अगदी खेटून.

 दहा केव्हाच वाजून गेले होते. नंतर कळलं ते असं, की बॉथेलहून येणारी गाडी निघतानाच श्रीखंडाचा डबा घरी विसरली, परत फिरली, आणि बाकीचे सगळे पार्किंगमध्ये तिची वाट बघत थांबले. एकत्र जायचं म्हणजे एकत्र जायचं. मग बेटावर पंगत बसली, आग्रह झाला. सगळं कसं रीतसर.

तिथे फोन लागत नाही. पण मला आठवलं, समीरकडे वॉकीटॉकी असतात, एक पुढच्याकडे, एक शेवटच्या गड्याकडे. डेलने रेडिओ काढला आणि एकेक चॅनल फिरवायला लागला. खरखर, खरखर, कुणीतरी ट्रकवाला, पुन्हा खरखर, आणि एकदम स्वच्छ मराठीत, "अगं, तो डबा कुणाच्या सॅकमध्ये आहे?" डेलने माझ्याकडे बघितलं. मी रेडिओ हिसकावलाच.

पुढे नेहा होती, नागपूरची मुलगी. तिला माझा आवाज ओळखू यायला क्षणभर लागला. मी म्हटलं, हात सोडा. एकमेकांपासून लांब व्हा. एकेकाने सुटं सुटं पुढे जायचं, मधे थांबायचं नाही, जंगलात शिरायचं. तिने आधी विचारलं, का काकू? मी म्हटलं, का ते नंतर. पण मधेच समीरचा आवाज आला. तो अजून बेटावरच होता, गुढी उतरवून घ्यायला मागे थांबलेला. म्हणाला, काकू, आम्ही अवघड जागी कुणाला एकटं सोडत नाही. मग मात्र मला सांगावंच लागलं. म्हटलं, समीर, सगळे एकाच वेळी त्या पट्ट्यात असतील आणि वरचं आलं, तर सगळे गाडले जातील. उकरायला कोण उरेल?

 मग त्याने नेहाला सांगितलं, काकू म्हणतात तसं करा.

साखळी सुटली. दुर्बिणीतून मी बघत होते, एकेक ठिपका दुसऱ्यापासून लांब सरकला आणि घाईने अलीकडच्या जंगलाकडे निघाला. नेहा पोचली, मग दुसरा, मग तिसरी. साखळीत सगळ्यांत मागे एक ठिपका होता, तो अर्ध्याहून जरा पुढे येऊन थांबला. हात सुटला तसा त्याचा पायच उचलेना. ती समीरची आई होती, सुमनताई. आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर, बुटांखाली त्या रुंद स्नोशूजच्या चौकटी बांधलेल्या, आणि पुढचा माणूस लांब गेलेला. त्या मागे वळून बेटाकडे बघत होत्या.

समीर म्हणाला, "काकू, आई घाबरलीये. मी जातो, हात धरून नेतो तिला."

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, दोघंच तर असू. मी पुन्हा नाही म्हटलं. वरच्या छज्ज्याखालून बर्फाचे छोटे छोटे गोळे सुटून घरंगळत यायला लागले होते, मुलं उतारावर गोट्या सोडतात तसे. आमच्या धंद्यात ही शेवटची सूचना. तो बेटावरून आईपर्यंत जाणार, तिला धीर देणार, मग दोघं हळूहळू चालणार, म्हणजे दोन माणसं दुप्पट वेळ त्या पट्ट्यात. आणि ताई अर्ध्याच्या पुढे आल्या होत्या, त्यांना पुढे येणंच जवळचं होतं.

मी म्हटलं, समीर, तिला ओरडून सांग की तू येत नाहीयेस. ओरडल्याने बर्फ कोसळतो हे फक्त सिनेमात. तू येणार असं वाटतंय तोवर ती हलायची नाही.

  डेलला मराठी येत नाही, पण त्याने तोंड फिरवलं होतं.

मग समीर ओरडला. त्याने बटण दाबून धरलं होतं, त्यामुळे आम्हाला ऐकू आलं.

"आई, मी येत नाही. तू एकटी चाल."

दुर्बिणीत तो ठिपका तसाच उभा होता. तसाच. मी मनात म्हणत होते, चला हो ताई, चला. मग त्यांनी बेटाकडे पाठ केली आणि एक पाऊल टाकलं. मग दुसरं. एकदा त्या गुडघ्यावर बसल्या. उठल्या, पुन्हा चालल्या. एकदाही मागे बघितलं नाही. जंगलाच्या कडेला नेहाने त्यांचा हात पकडून त्यांना आत ओढलं.

सुटले म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात समीर म्हणाला, "चला, मी निघतो."

मी थांब म्हटलं. गोळे आता मोठे झाले होते आणि मोकळ्या पट्ट्याच्या मधोमध येऊन थांबत होते. तो म्हणाला, काकू, दोन मिनिटांचं काम आहे, पळत येतो. आई एवढी आली, मी काय? मी म्हटलं, आईला आणलं तेव्हा पर्याय नव्हता. तू झाडांत आहेस, तिथेच राहा. तो हट्टाला पेटला. खरं सांगते, त्या वेळी मला थरांचं, तापमानाचं शास्त्र काही सुचलं नाही. मी ओरडले, "समीर, एक पाऊल टाकलंस तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही." एवढी शिकलेली बाई, आणि ऐन वेळी तोंडातून काय निघालं!

पण तो थांबला. काही मिनिटं काहीच झालं नाही. वर निळं आकाश, ऊन, चिटपाखरू हलत नव्हतं. समीरचा एक वैतागलेला सुस्कारा रेडिओवर आला. मला वाटायला लागलं, आपण म्हाताऱ्या झालो, उगाच बाऊ करतोय. आणि मग छज्ज्याचा एक तुकडा, ट्रकएवढा, मुकाट्याने खाली वाकला.

ओला बर्फ पांढऱ्या धुरासारखा उडत नाही. ओलं काँक्रीट ओतावं तसा येतो, जड, सावकाश वाटणारा, आणि वाटेत काही ठेवत नाही. पट्ट्याची अलीकडची अर्धी बाजू, ताई मघाशी जिथे उभ्या होत्या ती जागा धरून, सगळी खाली गेली. आवाज आमच्यापर्यंत उशिरा आला. मी रेडिओवर समीर, समीर करत राहिले.

"आहे काकू," तो म्हणाला. आवाज अगदी लहान मुलासारखा. "आई?"

आई जंगलात आत आहे, ठीक आहे, असं नेहाने कळवलं. तेव्हा तो रडला. मीही.

पण काम संपलं नव्हतं. पट्ट्याची बेटाकडची अर्धी बाजू अजून वर लटकत होती. ऊन गेल्याशिवाय तिच्याखाली कुणालाही पाठवणं शक्य नव्हतं. डेलने बचाव पथकाला कळवलं. त्यांनी ठरवलं, की डोंगराच्या वरून, धारेवरच्या जंगलातून लांबच्या वाटेने बेटावर उतरायचं. पोचायला संध्याकाळ होणार. समीर म्हणाला, काकू, बॅटरी जातेय. मी घाईघाईने सांगितलं, मोठ्या झाडांच्या मागे बस, सगळे कपडे अंगावर घाल, खात राहा. आणि गुढी आहे तशीच राहू दे. मला ती इथून दिसते. मधून मधून हलव, म्हणजे कळेल तू ठीक आहेस. तो हो म्हणाला आणि रेडिओ बंद पडला.

बाकीची मंडळी जंगलातून उतरून पार्किंगमध्ये आली आणि सुमनताईंना नेहा माझ्यापाशी घेऊन आली. ठेंगण्या, सडपातळ, नऊवारीच्या सवयीच्या पण मुलाचं भलंमोठं जाकीट घातलेल्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तुम्हीच का त्या? 'मी येत नाही' म्हणायला लावलंत माझ्या पोराला."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार!  मी त्यांना दुर्बिणीशी उभं केलं आणि गुढी दाखवली. त्यांचीच साडी होती ती, केशरी काठापदराची, कोल्हापूरहून खास आणलेली. वर तांब्या, साखरेची गाठी, आणि इंडियन स्टोअरमधली कडुनिंबाची डहाळी. साडी डावी-उजवीकडे हलली. ताईंनी डोळा काढला नाही. मी थर्मासमधला चहा पुढे केला, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. खायलाही नको, गाडीत बसायलाही नको. दर वेळी गुढी हलली की त्यांच्या खांद्यांतला ताठपणा किंचित जायचा आणि पुन्हा यायचा.

दुपार सरली. ऊन उतारावरून निघून गेलं, सावली चढत चढत समोरच्या शिखरापर्यंत गेली. पथकाचा निरोप आला, ते धारेवर पोचलेत, आता खाली उतरताहेत. आणि त्याच सुमाराला वरून गडगडल्यासारखा आवाज आला. कुठून ते कळलं नाही. शिखरावरचं शेवटचं ऊन विझत होतं. मी दुर्बिणीला डोळा लावला, बेट शोधलं, कड शोधली.

गुढी नव्हती.

मी दुर्बीण जरा फिरवली, पुन्हा आणली. झाडं होती, गुढी नव्हती. डेलने बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. लटकलेली बाजू बेटाच्या कडेपर्यंत आली असेल, तर? तो रेडिओवर पथकाला सांगायला लागला, खूण दिसेनाशी झालीये, दुसरी कोसळ झालेली असू शकते, उकरायची तयारी ठेवा. नेहा रडायला लागली. मला ती निळी गाडी दिसायला लागली. सुमनताईंना काय सांगायचं, कसं सांगायचं? मी वळले.

त्यांनी माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. मला बाजूला करून स्वतः दुर्बिणीतून बघितलं, बराच वेळ. मग सरळ झाल्या, पश्चिमेकडे बघितलं, आणि सबंध दिवसात पहिल्यांदाच खाली बसल्या, तिथल्याच एका दगडावर.

"आता चहा द्या," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. झाकणात ओतताना अर्धा चहा सांडला. त्या तो दोन्ही हातांनी धरून फुंकर घालत प्यायल्या. डेल माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. पथकाकडून काही येईना. बेटाच्या जागी नुसती काळी झाडं उरली होती.

मग रेडिओ बोलला. सापडला, धडधाकट आहे, चालू शकतो. उतार आता गोठतोय, पट्टा सोडून जंगलातूनच आणतो.

समीर पार्किंगमध्ये आला तेव्हा पथकाच्या दिव्यांच्या उजेडात त्याच्या छातीशी साडीची व्यवस्थित घडी दिसत होती, वर तांब्या पालथा ठेवलेला. माझ्या दिवसभराच्या रागाला तोंड फुटलं. मी म्हटलं, गाढवा, गुढी तशीच ठेव म्हणून सांगितलं होतं ना? इथे आमचा जीव टांगणीला लागला, हे लोक तुला उकरायला निघाले होते. का उतरवलीस?

तो माझ्याकडे असा बघत राहिला, की एवढं साधं मला कसं कळलं नाही.

"काकू, सूर्य मावळला होता. आई दुर्बिणीतून बघत असणार. गुढी अजून उभीच दिसली असती, तर तिला वाटलं असतं, उतरवायला मी उरलोच नाही."

सुमनताई दगडावर बसून दुसरा कप पीत होत्या.